खोल वाटीचा आवाज

चैत्र संपत आला की आमच्या हॉटेलच्या मागच्या फाटकाशी मोगऱ्याचे टेंपो लागायला सुरुवात होते. ओल्या गोणपाटाखाली दबलेला मोगरा, जनरेटरचं डिझेल आणि तळणाचं तेल, तिन्हींचा मिळून एक वास येतो आणि मला कळतं की लग्नसराई आली. गेली कितीतरी वर्षं मी इथे मेजवान्यांच्या विभागात आहे. कोणत्या हॉलमध्ये किती पानं, रुखवत कुठे मांडायचं, नवरदेव कोणत्या दाराने आत येणार, हे सगळं मी बघतो. नवरदेवापुढे आता एक ट्रक असतो. त्यावर माणसाच्या उंचीचे स्पीकर, आणि मधोमध काळा चष्मा लावलेला एक इसम, जो स्वतः काहीच वाजवत नाही. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या की नवे वेटर एकमेकांकडे बघून हसतात. मला मात्र त्या गोंगाटात एक आवाज आठवतो. तो मोठा नव्हता. आयुष्यात मी तो एकदाच ऐकला, आणि ऐकल्यावर त्याच्याविषयी खोटं बोललो.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. हिंजवडीत अजून ऊस होता, पण उसाच्या कडेने मोजणीचे दगड पडायला लागले होते. मी बुलढाण्याकडून कारखान्यात लागायला म्हणून पुण्यात आलो, आणि सहा महिन्यांत कारखान्याने मला परत बाहेर काढलं. शाळेत असताना मी बिगुल फुंकायचो, एवढीच काय ती जमेची बाजू. त्या जोरावर बिबवेवाडीतल्या एका बँडने मला ठेवून घेतलं. खरं म्हणजे बँडने नाही, रघूदादाने. तो तिथला पहिला ट्रंपेट. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा, बारीक मानेचा, केस पाण्याने चापून बसवणारा. मालक म्हणाला, हा काही कामाचा दिसत नाही. रघूदादा म्हणाला, माझ्या शेजारी उभा करा, महिनाभरात दिसेल.

मी त्याच्याच खोलीत राहिलो. सुनंदावहिनी, त्यांची लहानगी प्रज्ञा आणि मी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खालच्या फळीवर ट्रंपेट आणि त्याच्या शेजारी प्रज्ञाची पाटी. तो मला सकाळी शिकवायचा. मी गाल फुगवले की विचारायचा, "फुगे विकायला बसलायस का?" बाकी तो फारसं बोलत नसे. चुकलं की हात वर करायचा आणि बरोबर येईपर्यंत खाली घ्यायचा नाही.

बँडवाल्याची लग्नसराई पाहुण्यांच्या लग्नसराईहून वेगळी असते. वैशाखात आम्ही लोकरीचे लाल कोट घालायचो. घाम कोपरापर्यंत ओघळत यायचा आणि बाहीच्या सोनेरी पट्टीवर पांढरं मीठ धरायचं. तोंडात दिवसभर पितळेची चव. ओठ सुजून दुप्पट झालेले, त्यावर रात्री तूप. मांडवात शिरायचं नाही, पाणी मागायचं नाही, जेवण शेवटच्या पंगतीनंतर. एका वरातीत नवरदेवाच्या मावसभावाने गंमत म्हणून रघूदादाच्या ट्रंपेटच्या भोंग्यात थंड पेय ओतलं. सगळी वरात हसली. नवरदेवही घोड्यावरून हसला. रघूदादाने ट्रंपेट उलटं करून झटकलं, रुमालाने तोंड पुसलं आणि गाणं जिथे तुटलं होतं त्याच्या पुढच्या ओळीपासून वाजवायला लागला. मी तेव्हा रडवेला झालो होतो. तो म्हणाला, सूर खाली गेला का ते सांग, बाकीचं जाऊ दे.

त्याच मोसमात रॉड्रिग्ज सर आमच्या बँडच्या दुकानाच्या शटरसमोर येऊन उभे राहिले. म्हातारे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मराठी गोव्याच्या वळणाचं. कंपन्यांच्या परदेशी पाहुण्यांसाठी शहरात नवं हॉटेल उघडत होतं आणि तिथल्या संध्याकाळच्या चार जणांच्या वाद्यवृंदाला एक माणूस हवा होता. कायमची नोकरी, पगार, भविष्य निर्वाह निधी. वाद्य मात्र ट्रंपेट नव्हे, फ्लुगलहॉर्न. त्यांनी पेटी उघडून दाखवलं. ट्रंपेटचाच भाऊ, पण पोटाने मोठा. सर म्हणाले, ट्रंपेट लोकांना उठवायला असतं, हे त्यांना बसवायला. माणसं जेवता जेवता बोलत राहिली पाहिजेत आणि तरी त्यांना वाटलं पाहिजे की काहीतरी चाललंय.

एका वरातीत त्यांनी रघूदादाला ऐकलं होतं. ते त्याच्यासाठीच आले होते. रघूदादाने मला पुढे केलं आणि म्हणाला, याचंही ऐका. सर म्हणाले, ठीक आहे, तीन आठवड्यांनी दोघं या, जागा एकच आहे. वाद्य त्यांनी आमच्याकडे ठेवलं, पण फुंकायचा तुकडा, म्हणजे माउथपीस, ज्याचा त्याने निवडायचा. त्यातच सगळं आहे, असं ते म्हणाले. माउथपीसची वाटी उथळ असेल तर आवाज तीक्ष्ण येतो, वरचे सूर पटकन लागतात, पण फ्लुगलचं रडकं ट्रंपेट होतं. वाटी खोल असेल तर आवाज काळा, गोल, ऊबदार होतो. मात्र दम जास्त लागतो, आणि प्रत्येकाच्या ओठाला ती बसतेच असं नाही. निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. वाजवणारा भोंग्याच्या मागे असतो, त्याला स्वतःचा आवाज कधी खरा ऐकू येत नाही. समोर दूर विश्वासाचं माणूस बसवा, आणि ते सांगेल ते ऐका.

बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे एक जुनं वाद्यांचं दुकान होतं. दुकानदार डोळे न उचलता म्हणाला, "फुंकून बघायला हरकत नाही. पुसून ठेवायलाही हरकत नाही." त्याने एक खण ओढून आमच्यापुढे ठेवला. काही माउथपीस मेरठच्या कारखान्यांतले नवे, काही कुठल्याशा मोडलेल्या पलटणीतल्या बँडचे, मुलामा उडालेले. फ्लुगलच्या नळीत बसणारे त्यात तीनच निघाले. एक उथळ, एक मधला आणि एक इतका खोल की करंगळीचं पेर आत जाईल. रघूदादाने घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि तिन्ही त्या तीन आठवड्यांसाठी मागून घेतले. बाहेर आल्यावर त्याने तिन्हींना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले.

त्याच आठवड्यात मला गावाहून निरोप आला होता. मंगलशी माझं जवळजवळ ठरलं होतं, पण तिच्या वडिलांनी कळवलं, वाजंत्र्याला मुलगी द्यायची नाही, नोकरी असेल तर श्रावणाआधी बोला. मी ते रघूदादाला सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, मग बरंच आहे, तुला मिळाली तर तुझं लग्न, मला मिळाली तर प्रज्ञा चांगल्या शाळेत. काही झालं तरी घरातच राहतंय.

तळजाईच्या टेकडीवर आम्ही दुपारी जायचो. दुपारी तिथे कोणी नसायचं. ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या सावल्या, वाळलेलं गवत, खाली बिबवेवाडीचे पत्रे चमकत असलेले. पहिल्या दिवशी मी वाजवलं आणि रघूदादा चाळीस पावलांवर पाठ करून बसला, म्हणजे कोणता माउथपीस लावलाय ते दिसू नये. दोन तास त्याने माझ्याकडून तेच तेच वाजवून घेतलं. शेवटी येऊन म्हणाला, दुसऱ्यांदा लावलेला तो. तो खोल वाटीचा होता. वरचे सूर तुला कमी पडतील, म्हणाला, पण खालचे चांगले उतरतायत, हाच घे. त्याने खरं सांगितलं होतं. मी ज्या जागेसाठी उभा होतो त्याच जागेसाठी तोही उभा होता, आणि त्याने मला खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पाठ करून बसलो. पहिला आवाज आला तो उथळ वाटीचा. चकचकीत, आपल्या ओळखीचा, वरातीतला. मग मधला. मग थोडा वेळ काहीच आलं नाही. दोरा सोडून माउथपीस बसवत असेल. आणि मग ते सुरू झालं.

त्या आवाजाबद्दल मी पुष्कळदा मनात लिहून पाहिलंय. घरात मूल झोपलेलं असताना कोणी बाहेरून येऊन दार हलकेच लोटून घ्यावं, तसा तो आला. सुरुवात कळली नाही. माझ्या आजूबाजूचं गवत तेच होतं, ऊन तेच होतं, पण मी मान खाली घातली. इतकी वर्षं हा माणूस लाल कोट घालून घोड्यांपुढे कर्कश वाजवत होता आणि त्याच्या आत हे होतं. त्याला ते ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेला जगात मी एकटा होतो.

तिथे मला मंगल आठवली, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला कोणीच आठवलं नाही. मला फक्त एवढं कळलं की हे सरांच्या कानावर पडलं तर मला कोणी वाजवायलाही सांगणार नाही.

तो उतरून आला. कपाळावर घाम, चेहऱ्यावर लहान मुलासारखी उत्सुकता. म्हणाला, "तिसरा मला मऊ वाटला रे. कसा आला?"

मी म्हणालो, "मागे उभं राहून तसंच वाटतं, दादा. सरांनी सांगितलं होतं ना. समोर नुसता घोगरा येतोय. पहिला घे."

तो विचारात पडला. एवढ्यावर थांबलो असतो तरी काम झालं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर अजून शंका होती, म्हणून मी आणखी एक वाक्य बोललो. त्याची काही गरज नव्हती. मी म्हणालो, "खोल वाटीला दम लागतो. तुझा आता तेवढा राहिला नाही."

त्याने मान हलवली. मग खोल वाटीचा माउथपीस शर्टाच्या टोकाने स्वच्छ पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, वेळेवर सांगितलंस ते बरं केलंस.

हॉटेलच्या हॉलमध्ये त्या दिवशी टेबलांवर चादरी घालायचं काम चालू होतं. रॉड्रिग्ज सर लांबच्या टोकाला बसले होते, शेजारी टाय लावलेला व्यवस्थापक. रघूदादा पहिला. त्याने उथळ वाटी लावली आणि सुरू केलं. आवाज भिंतींना लागून परत आला. चादरी घालणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. व्यवस्थापक सरांकडे वाकून म्हणाला, "वरात कुठपर्यंत आली?" हॉल रिकामा होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. दोघीतिघी हसल्या. रघूदादा थांबला नाही, त्याला थांबायची सवयच नव्हती.

संपल्यावर सर उठून जवळ आले. त्यांनी विचारलं, दुसरा माउथपीस आहे का, दुसऱ्यावर एकदा वाजव.

रघूदादा म्हणाला, "नको सर. हाच माझा. माझ्या माणसाने समोर बसून ऐकलंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. खोल वाटीचा माउथपीस माझ्या मुठीत होता, तापलेला. मला तेव्हा पुढे होऊन तो द्यायला एक पाऊल पुरलं असतं. मी बूट बघत राहिलो. मग माझी पाळी आली आणि मी बरं वाजवलं. फार चांगलं नाही, बरं. जागा मला मिळाली.

बाहेर रस्त्यावर रघूदादाने मला उसाचा रस पाजला. श्रावणाआधी माझं लग्न झालं. वरातीपुढे तो वाजवायला होता, लाल कोटात. मी घोड्यावर होतो. वरून मला त्याचे पाण्याने चापलेले केस आणि फुगलेली मानेची शीर दिसत होती, आणि मी त्या वेळी त्याच्याकडे बघून हात हलवला. ती त्याची शेवटची वरात. त्याने मालकाला सांगितलं, आता दम राहिला नाही. ट्रंपेट विकलं आणि गाडी शिकला. हिंजवडीतला ऊस गेला, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींत माणसं नेणाऱ्या कंपनीच्या बसवर तो चालक म्हणून लागला. मान ताठ, दोन्ही हात चाकावर, पुढच्या गाडीचा लाल दिवा बघत तास तास रस्त्यात अडकून बसलेला.

माझं वाजवणं चार वर्षं चाललं. त्या चार वर्षांत रॉड्रिग्ज सरांनी मला नावाने हाक मारली नाही. एकदाच, पहिल्याच आठवड्यात, त्यांनी विचारलं होतं की तुझ्या मित्रासाठी समोर कोण बसलं होतं. मी म्हणालो, मी. त्यानंतर मला ते "फ्लुगल" म्हणायचे. फ्लुगल, जरा हळू. फ्लुगल, उद्या लवकर ये. पुढे हॉटेलला कळलं की हे सगळं एका छोट्या यंत्रातूनही निघतं आणि ते यंत्र जेवायला मागत नाही. सर गोव्याला गेले, मला मेजवान्यांच्या विभागात घेतलं. मी खोल वाटीवर त्या टेकडीवरचा आवाज चार वर्षं शोधला. तो एकदाही आला नाही. माझ्यात तो नव्हताच.

या वर्षी माझ्या मुलाचं लग्न निघालं. गेल्या रविवारी पत्रिका द्यायला मी रघूदादाकडे गेलो. वर्षातून एकदा जातोच. तीच गल्ली, आता तीन मजले वर चढलेली. प्रज्ञा संगणकाच्या कंपनीत आहे, रविवारीही कानाला यंत्र लावून कोणाशी तरी बोलत होती. तिचं बोलणं संपल्यावर ती येऊन बसली. तिच्या कंपनीत काही बिनसलं होतं, कोणी सहकारी तिच्या कामाबद्दल तोंडावर एक बोलत होता आणि वर साहेबांना दुसरं सांगत होता. रघूदादाने तिला मायेने समजावलं. तो म्हणाला की माणसाला एक तरी खरं सांगणारा मित्र असावा लागतो, आणि माझ्याकडे हात करून तिला ती गोष्ट सांगितली. टेकडीची, तीन दोऱ्यांची. म्हणाला, स्वतःच्या पोटावर पाय येत असतानाही यानं मला तोंडावर सांगितलं की तुझा दम गेला. दुसरा असता तर गोड बोलला असता. प्रज्ञा माझ्याकडे आदराने बघत होती. तिने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकलेली नव्हती, हे तिच्या मान हलवण्यावरून कळत होतं. या घरात ती गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जात होती.

ती परत आत कामाला गेली. स्वयंपाकघरात वहिनींनी गॅस पेटवल्याचा आवाज आला. आणि मी रघूदादाला खरं काय ते सांगून टाकलं.

का सांगितलं, याचं खरं उत्तर चांगलं नाही. मुलाच्या लग्नात मला स्वच्छ उभं राहायचं होतं. ती गोष्ट पुन्हा कोणी माझ्या तोंडावर सांगू नये एवढंच मला हवं होतं. त्याला काय हवं असेल हा विचार टेकडीवर मी केला नव्हता, तसा त्या दिवशीही केला नाही.

त्याने हातातली पत्रिका बाजूला ठेवली. साठी उलटलेला माणूस, वरच्या दातांची कवळी, ओठांवरचा गोल वण कधीच पुसला गेलेला. मग त्याने विचारलं, "नक्की आठवतंय तुला?"

मी हो म्हणालो.

"कसा होता आवाज?"

मी त्याला सांगितलं. मूल झोपलेलं, दार लोटलेलं, सगळं. इतकी वर्षं मनात लिहिलेलं असल्यामुळे मला ते चांगलं सांगता आलं. तो डोळे मिटून ऐकत होता आणि माझं बोलणं संपल्यावरही त्याने ते लगेच उघडले नाहीत.

"मला वाटत होतं, माझ्यातच नव्हतं," तो म्हणाला. "त्यात मी बरा होतो रे. एकदा आपल्यात नाही म्हटलं की सुटतं माणूस. आता उद्या सकाळी बसवर बसल्यावर मी काय करू, ते सांग."

मी त्याचा हात धरायला गेलो, त्याने आपला हात मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. आवाज न चढवता तो म्हणाला, "ती चहा टाकतेय. तो न घेता जा."

मी उठलोही. पण तेवढ्यात वहिनी कपबश्या घेऊन बाहेर आल्या. मला उभं बघून म्हणाल्या, अहो बसा, निघालात कुठे, यांच्या बँडमधलं आता तुम्हीच एकटे येता, बाकी कोणी ओळखही ठेवली नाही. नको म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत समोर उभ्या राहिल्या. आलं घातलेला, माझ्या आवडीप्रमाणे साखर जास्त. रघूदादा भिंतीकडे बघत होता.

मी खाली बसलो आणि त्याच्यासमोर तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. चांगला झालाय, असंही म्हणालो.